शहाण्णव दिवसांत अठ्ठ्याण्णव हजेऱ्या

अकरा मार्चला संध्याकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी विधी महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर एक कागद लागला. त्यावर नऊ नावे होती आणि प्रत्येक नावापुढे एकच रक्कम होती: चार हजार एकशे पंचवीस रुपये. वर लिहिले होते, 'हजेरी कमी भरल्याबद्दल विकासनिधी'. खाली लिहिले होते की वीस मार्चपर्यंत निधी न भरणाऱ्यास परीक्षेचे प्रवेशपत्र मिळणार नाही.

कागद लागल्याची वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण यादीतला सहावा माणूस तेव्हा फलकासमोरच उभा होता आणि त्याने ती लगेच खिशातल्या वहीत टिपली.

हा माणूस पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात टाइमकीपर होता. फाटकाजवळच्या एका खिडकीच्या खोलीत बसून कोण किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर गेला, हे तो चोवीस वर्षे लिहीत होता. सकाळी साडेआठला फाटक बंद म्हणजे बंद. एकदा मालकांचे सख्खे मेहुणे आठ एकतीसला आले, तर त्यांनाही त्याने खिडकीतून नुसते घड्याळ दाखवले. तेव्हापासून कारखान्यात त्याला 'साडेआठ' हे नाव पडले, आणि खरे नाव पगाराच्या पाकिटावर काय ते उरले. महाविद्यालयात मात्र बहुतेक सगळे त्याला काका म्हणत. वय एक्कावन्न. वर्ग शेवटच्या वर्षाचा.

पन्नाशीला टेकलेला माणूस वकिली शिकायला का जातो? हा प्रश्न पहिल्याच दिवशी वर्गात विचारला गेला होता, आणि टाइमकीपरने त्याचे उत्तर धडधडीत खोटे दिले होते.

महाविद्यालय संध्याकाळचे. दिवसा त्याच इमारतीत लहान मुलांची शाळा भरे, त्यामुळे बाक बुटके. पहिल्या दिवशी सगळे गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. एका हवालदाराला तर बाकावर बसताच येईना, तो शेवटी वरच्या फळीवरच टेकला. तरुण सर म्हणाले, "प्रत्येकाने उठून सांगा, कायदा कशासाठी शिकायचाय. खरं खरं सांगा."

हवालदार उठला. तो बसलेलाच नव्हता म्हणा. "सर, बढतीच्या वेळी गुण जास्त मिळतात. बाकी काही नाही."

एका बिल्डरचा मुलगा म्हणाला, "बाबा म्हणतात, दरवर्षी वकिलांच्या घशात एवढं घालतो, त्यापेक्षा घरातलाच एक करून टाकू."

निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "चाळीस वर्षांत घरी एकही वाद जिंकलो नाही. म्हटलं, रीतसर शिकून बघावं."

वर्ग हसला. मग एक मुलगी उठली. डॉक्टरकीला दोनदा नंबर लागला नाही आणि आई म्हणाली, पाहुण्यांनी विचारलं तर सांगायला काहीतरी हवं. म्हणून ती आली होती. तिच्यामागच्या बाई उभ्या राहिल्या, फक्त "दीर" एवढेच म्हणाल्या आणि बसल्या. कोणी पुढे काही विचारले नाही. सगळ्यांना सगळे कळले.

मग एक नर्स उठली. ती सरकारी रुग्णालयात होती. तिला वर्गात पुढे सगळे सिस्टरच म्हणू लागले. "औषध संपलं की पेशंटचे नातेवाईक आमच्या अंगावर येतात," ती म्हणाली. "एकाने मला थोबाडीत मारली. आणि दुसऱ्या दिवशी माफीचं पत्र कोणी लिहून दिलं? मी. 'रुग्णाच्या नातेवाइकांच्या भावना दुखावल्याबद्दल.' अशी चार पत्रं दिलीत मी आतापर्यंत. पाचवं देण्याआधी मला बघायचंय, असं कुठे लिहिलंय."

तिच्या शेजारी टाइमकीपर होता. आता त्याची पाळी.

"मी आपला उगीच," तो म्हणाला.

सगळे पुन्हा हसले. पोस्टमास्तरांना तर सोबती मिळाल्यासारखे वाटले.

उगीच नव्हते. त्याच्या आधीच्या वर्षी तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला होता, आणि तिथून खाली उतरल्यापासून त्याच्या अन्नाला चव राहिली नव्हती.

कारखान्यात एक रीत होती. पाळी साडेपाचला सुटे, पण काम असेल तर फोरमन दहा-पंधरा माणसांना मागे थांबवून घेई. कधी अर्धा तास, कधी दोन. या जादा वेळाचे पैसे द्यायला लागू नयेत म्हणून टाइमकीपरला तोंडी हुकूम होता, साडेपाचला सगळे बाहेर लिहायचे. माणूस आत घाम गाळतोय आणि नोंदवहीत तो घरी गेलाय. टाइमकीपर हे वर्षानुवर्षे सुंदर, गोल, एकसारख्या अक्षरात लिहीत आला होता. नोकरी होती, घरी शाळेत जाणारी मुलगी होती, आणि हुकूम देणारे त्याच्यापेक्षा मोठे होते. जगात अशा नोंदी लिहिणाऱ्यांची कारणे साधारण हीच असतात.

एक दिवस सहा वाजून दहा मिनिटांनी एका फिटरचा उजवा हात प्रेसमध्ये सापडला. चार बोटे गेली. नोंदवहीप्रमाणे फिटर तेव्हा चाळीस मिनिटांपूर्वीच घरी गेलेला होता.

नुकसानभरपाईचा दावा उभा राहिला. कारखान्याने सांगितले, हा माणूस कामावर नव्हताच. सुटी झाल्यावर स्वतःच्या कामासाठी चोरून यंत्र चालवत होता. पुरावा म्हणून नोंदवही आली आणि नोंदवहीबरोबर टाइमकीपर. आदल्या दिवशी व्यवस्थापकांनी त्याला बजावले होते, "जेवढं विचारतील तेवढंच." कारखान्याच्या वकिलाने विचारले, "हे अक्षर तुमचं?" "हो." "काय वेळ लिहिली आहे?" "साडेपाच." संपले. आता फिटरचा वकील उठेल आणि खरे काय ते विचारेल, म्हणून टाइमकीपर कठडा घट्ट धरून उभा राहिला. विचारले तर सांगायचे, असे त्याने रस्त्यात येतानाच ठरवले होते. फिटरच्या वकिलाला त्याच वेळी वरच्या मजल्यावर दुसऱ्या कोर्टात जायचे होते. तो अर्धवट उठून म्हणाला, "मला काही विचारायचं नाही," आणि कागद काखेत मारून निघून गेला.

दावा फेटाळला गेला. बाहेर पायऱ्यांवर फिटर उभा होता. तो ओरडला नाही की रडला नाही. बोटे गेलेला हात छातीशी धरून म्हणाला, "साडेआठ, अक्षर मात्र फार छान आहे हो तुझं."

त्याच आठवड्यात टाइमकीपरने एक खिशातली वही विकत घेतली. कारखान्याच्या नोंदवहीत तो हुकुमाप्रमाणे साडेपाच लिही आणि खिशातल्या वहीत खरी वेळ. कोणासाठी, ते त्यालाही ठाऊक नव्हते. आणि जुलैमध्ये त्याने विधी महाविद्यालयात नाव घातले. मागे थांबलेल्यांची खरी वेळ मग तो दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर त्यांनाच विचारून लिही. व्यवस्थापकांनी त्याला रोज साडेपाचला सुटण्याची परवानगी लेखी दिली, पण तीन वर्षांपुरती. "तीन म्हणजे तीन," ते म्हणाले. "त्यानंतर तू दुसऱ्या पाळीला. दोन ते दहा." म्हणजे एक वर्ष जरी वाया गेले तरी वकिलीला रामराम.

घरी बायको शिलाईचे काम करी. तिने मशीन न थांबवताच बातमी ऐकली. "पन्नाशीला दप्तर," ती म्हणाली. "डबा देऊ की खाऊचे पैसे?" पण दुसऱ्या दिवशी तिने कापडी पिशवीला आतून वहीच्या मापाचा खिसा शिवून दिला.

दुसऱ्या वर्षी पुराव्याचा कायदा शिकायला होता. सर सांगत होते, "साक्षीदाराची उलटतपासणी घेतलीच नाही, तर त्याचं म्हणणं समोरच्याला मान्य आहे, असंच बहुधा धरलं जातं."

टाइमकीपरने हात वर केला. वर्षभरात पहिल्यांदाच. "सर, आणि साक्षीदाराकडे सांगण्यासारखं असेल, पण कोणी विचारलंच नाही तर?"

"तर न्यायाधीशांना म्हणावं, मला खुलासा करायचाय. साक्षीदाराच्या तोंडाला कुलूप नसतं, काका."

त्या दिवशी त्याने वहीत पुढचे काही लिहिले नाही. वकिलावर त्याचा राग होताच. वर्षभर त्याने तो मनातल्या मनात उगाळला होता. पण आपणही तोंड उघडू शकत होतो आणि उघडले नाही, हे ऐकल्यावर तो राग कुठे ठेवावा हे त्याला कळेना. दुसऱ्या दिवशी सुटीचा वार होता. तो सरळ फिटरकडे गेला. फिटर आता भावाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसत होता आणि डाव्या हाताने खिळे तोलत होता.

"काय साडेआठ, रस्ता चुकलास?"

टाइमकीपरने उभ्या उभ्याच सगळे सांगितले. एक प्रश्न पुरला असता. 'हा बाहेर गेला ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं का?' बस, एवढाच.

"म्हणजे त्या वकिलाने एक प्रश्न विचारला असता तर?"

"हो."

"आणि तू एक वाक्य बोलला असतास तर?"

"हो."

फिटरने पुडीचा दोरा दातांनी ओढून गाठ मारली. "वरच्या कोर्टात जायची मुदत?"

"संपली. मी पाहिलं."

"मग आता नीट शीक. अर्धवट वकील मी एक बघितलाय. दुसरा नको." आणि मग गिऱ्हाईक आले, म्हणून तो तिकडे वळला.

त्यानंतर टाइमकीपरच्या दृष्टीने ही पदवी शोभेची राहिली नाही. ती मिळवायचीच, आणि मिळाली की फाटकाच्या खोलीतून उठून जे लोक साडेपाचला कागदावर बाहेर जातात त्यांच्यासाठी उभे राहायचे. एवढा सरळ हिशेब त्याने मनाशी मांडला होता. आणि आता शेवटच्या वर्षी, परीक्षेला चार आठवडे उरले असताना, फलकावर हा कागद.

शेवटच्या वर्षभर त्याने सवयीप्रमाणे वर्गाचीही नोंद ठेवली होती. रोज एक ओळ: वर्ग भरला की नाही, सर किती वाजता आले, आपण किती वाजता पोचलो, कोण कोण हजर. कोणी सांगितले नव्हते. चोवीस वर्षे दारात बसून माणसे मोजणाऱ्याला न मोजता राहवत नाही. महाविद्यालयात मात्र हजेरी घेतच नसत. वर्षाच्या शेवटी हेडक्लार्क एका बैठकीत सगळ्या वर्षाची हजेरी भरून टाकी.

कागद लागला त्याच संध्याकाळी टाइमकीपर हेडक्लार्कच्या खिडकीपाशी गेला. सिस्टरही बरोबर होती. यादीत तिचे नाव सातवे होते.

"माझी हजेरी बघू द्या."

हेडक्लार्कने मोठ्या मनाने पत्रक फिरवून दाखवले. वर्षभरात वर्ग भरले एकशे अठ्ठेचाळीस दिवस. टाइमकीपर हजर अठ्ठ्याण्णव दिवस. म्हणजे सहासष्ट टक्के. हवेत पंच्याहत्तर.

टाइमकीपरने वही काढली. "वर्ग शहाण्णव दिवस भरला. बाकीचे दिवस सर आलेच नाहीत. तारखा आहेत इथे."

"बरं मग?"

"मग शहाण्णव दिवसांत मी अठ्ठ्याण्णव दिवस हजर कसा?"

सिस्टर हसायला लागली. हेडक्लार्क हसला नाही. तो म्हणाला, "म्हणजे आम्ही तुम्हाला दोन दिवस जास्तच दिलेत. उपकार माना."

"आणि हा बिल्डरचा मुलगा? एकशे एकतीस? तो वर्षात चार वेळा आला. त्यातला एक दिवस तर गाडीची किल्ली विसरली म्हणून आला होता."

"काका, दुसऱ्याच्या ताटात कशाला बघताय?" हेडक्लार्कने हात पुढे केला. "आणा बघू तुमची वही." त्याने पाने चाळली. शेवटच्या पानावर टाइमकीपरने स्वतःची बेरीज मांडलेली होती. ती वाचताना हेडक्लार्कचा चेहरा हळूहळू फुलत गेला. "अहो, हे काय! तुमच्याच हिशेबाने तुम्ही शहाण्णवात एकोणसत्तर. बहात्तर टक्केसुद्धा नाही भरत. तुमचीच वही, तुमचंच अक्षर. भरा आता मुकाट्याने."

दोघे बाहेर मैदानात येऊन घसरगुंडीच्या कठड्यावर बसले. सिस्टरने वही हिसकावून घेतली.

"दादा, तुम्ही तर रोज यायचात. गैरहजर नऊच दिवस दिसतायत. मग एकोणसत्तर कसे?"

"उशीर चोपन्न दिवस. तीन उशिरांची एक गैरहजेरी. अठरा झाल्या."

"हे कोणाचं गणित?"

"कारखान्याचं."

"इथे कोणी लावायला सांगितलं?"

कोणी सांगितले नव्हते. वर्ग सहाचा. साडेपाचला सुटून पहिली बस मिळाली तर तो सहाच्या आत पोचे, चुकली की सहा दहाला. सहाच्या पुढे म्हणजे उशीर, यात विचार करण्यासारखे काही आहे असे त्याला कधी वाटलेच नव्हते. दुसऱ्या कोणी स्वतःची हजेरी लिहिली असती तर दोन दिवस वाढवले असते. याने अठरा कापले होते.

सिस्टर ओळीवरून बोट फिरवत होती. मग तिचे बोट थांबले. "ह्या चौदा ऑगस्टला तुम्ही सहा दहाला आलात. उशीर. सर किती वाजता आले?"

"सहा पंचवीस."

"सोळाला?"

"साडेसहा."

"अहो दादा!" ती इतक्या जोरात ओरडली की झाडाखालचे दोघे वळून बघू लागले. "सर यायच्या आधी तुम्ही बाकावर बसलेले, आणि उशीर तुमचा?"

फाटकावर हे असे कधी नसते. यंत्र केव्हा सुरू होते याच्याशी टाइमकीपरला काय करायचे? माणूस दारातून केव्हा आत आला, तेवढेच. दोघांनी तिथेच बसून चोपन्न ओळी पुन्हा तपासल्या. एकोणपन्नास दिवशी सर त्याच्यानंतर आले होते. खरा उशीर पाच दिवस. कारखान्याचाच नियम लावला तरी शहाण्णवात शहाऐंशी. जवळजवळ नव्वद टक्के. सिस्टरची हजेरी निघाली चौऱ्याहत्तर दिवस, म्हणजे सत्त्याहत्तर टक्के. रात्रपाळी करून आलेली हजेरी होती ती.

आणि सत्त्याहत्तर टक्के आलेल्या बाईकडून चार हजार एकशे पंचवीस मागायचे, आणि चार दिवस आलेल्याला एकशे एकतीस बहाल करायचे! तेही कायदा शिकवणाऱ्या इमारतीत. ज्या सरांनी 'पुरावा' हा शब्द फळ्यावर लिहिला, त्यांच्याच न भरलेल्या बावन्न दिवसांचा खोटा पुरावा कचेरीत तयार होत होता आणि कोणाच्या कपाळावर आठी नव्हती. टाइमकीपरच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. खोट्या नोंदीचा राग सगळ्यात जास्त कोणाला येतो? ज्याने स्वतः वर्षानुवर्षे त्या लिहिल्या त्याला.

दुसऱ्या दिवशी तो प्राचार्यांकडे गेला. प्राचार्यांनी वही शांतपणे शेवटपर्यंत वाचली. प्रत्येक सरांच्या नावापुढे तारखा होत्या. प्राचार्यांच्या स्वतःच्या नावापुढेही होत्या. आठवड्याला दोन तास असताना वर्षात त्यांनी अकरा तास घेतले होते. त्यांनी वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवला.

"तुमच्यासारखे विद्यार्थी म्हणजे आमचं भूषण. तुमचं नाव मी आत्ता काढतो यादीतून. कारकुनाची चूक."

"आणि बाकीचे आठ?"

"त्यांचं ते बघतील. तुम्ही कशाला त्यांचं वकीलपत्र घेताय? अजून पदवी मिळायचीय." ते स्वतःच्या विनोदावर हसले. "फक्त ही वही माझ्यापाशी राहू द्या. उगाच गैरसमज व्हायचे."

टाइमकीपरने त्यांच्या हाताखालून वही ओढून घेतली. "उद्या सांगतो, सर," तो म्हणाला. नाही म्हणायला तोंड उघडले होते, पण परीक्षा डोळ्यांसमोर उभी राहिली.

घरी बायको ब्लाउजचे गळे बेतत होती. तिने सगळे ऐकले. "देऊन टाका," ती म्हणाली. "रद्दीत सुद्धा कोणी घेणार नाही ती वही. तीन वर्षं संध्याकाळी घरात माणूस नाही, ते कशासाठी? परीक्षा द्या आणि सुटा."

"सिस्टरचं काय?"

"तिची तिला काळजी."

त्याने हातपाय धुतले, जेवला, ताट उचलून ठेवले. मग म्हणाला, "फिटरचा खटला झाला तेव्हा मी म्हणालो होतो, कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"रोज म्हणता. मला पाठ झालंय."

"आता तर कोणी विचारण्याची गरजच नाही. मला माहीत आहे आणि माझ्याकडे लेखी आहे."

बायकोने कात्री खाली ठेवली. "मग मला कशाला विचारत बसलाय?" ती म्हणाली. "आधी झेरॉक्स काढा. मूळ वही कोणाच्या हातात देऊ नका. ती माणसं धड नाहीत."

चौदा मार्चला टाइमकीपरने कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि सिस्टरला घेऊन विद्यापीठाच्या कचेरीत गेला. अर्ज त्याने स्वतः लिहिला होता, गोल एकसारख्या अक्षरात, तीन पाने. वहीच्या झेरॉक्स जोडल्या होत्या. नवांपैकी दोघांची हजेरी वहीप्रमाणेही खरोखरच कमी होती. तेही त्याने लिहिले होते. सिस्टर म्हणाली, "दादा, हे तरी गाळा." तो म्हणाला, "मग ती वही कसली?"

खिडकीतला माणूस म्हणाला, "तपासणी शुल्क सत्तावीस रुपये. सुटे." टाइमकीपरकडे पाचशेची एकच नोट होती. सिस्टरने पर्समधून सुटे काढून दिले, आणि अर्जावर शिक्का बसला.

विद्यापीठातून महाविद्यालयात काय फोन गेला, ते कोणाला कळले नाही. अठरा तारखेला फलकावरचा कागद बदलला. नव्या कागदावर लिहिले होते: 'माननीय प्राचार्यांनी सहानुभूतीपूर्वक विचार करून, विशेष बाब म्हणून, वरील नऊ विद्यार्थ्यांना परीक्षेस बसण्याची अनुमती दिली आहे.'

सहानुभूती! टाइमकीपर तो कागद तीनदा वाचून गेला. शहाऐंशी दिवस आलेल्या माणसाला ही दया, आणि त्याच ओळीत, त्याच शब्दांत, खरोखर न आलेल्यालाही दया. चूक झाली असे एक अक्षर नाही. एकशे अठ्ठेचाळीसचे पत्रक तसेच. बिल्डरच्या मुलाचे एकशे एकतीस तसेच. तो त्या संध्याकाळी वर्गात आला आणि टाइमकीपरच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काका, मानलं तुम्हाला. बाबांना सांगतो, आपल्या फर्ममध्ये हाच माणूस पाहिजे." हा त्याचा वर्षातला पाचवा दिवस होता. टाइमकीपरने लिहून ठेवला.

नवांपैकी पाच जणांनी आधीच पैसे भरले होते. पाचांचे मिळून वीस हजार सहाशे पंचवीस. ते परत मिळावेत म्हणून टाइमकीपरने दुसरा अर्ज लिहिला आणि त्या पाचांकडे सहीसाठी फिरला. पहिल्या दिवशी नुसते 'दीर' म्हणालेल्या बाईंनी सही केली. हवालदार म्हणाला, "माझं नाव नको, काका, खात्यात कळलं तर बढती राहील बाजूला." बाकीचे तिघे म्हणाले, "जाऊ द्या ना, परीक्षेला तर बसायला मिळतंय." पोस्टमास्तर त्या तिघांतलेच. "कशाला वैर?" ते म्हणाले.

टाइमकीपरला त्यांना काहीतरी झणझणीत सांगायचे होते. पण प्रत्येक वाक्य त्याच्या स्वतःवरच येत होते. चोवीस वर्षे त्यानेही हेच म्हटले होते. शेवटी तो एका सहीचा अर्ज घेऊनच गेला आणि पोच घेऊन आला.

परीक्षा आठ एप्रिलला सुरू झाली. सहा पेपर त्याने दिले. व्यवस्थापकांनी ठरल्याप्रमाणे एक जूनपासून त्याला दुसऱ्या पाळीला घातले. निकाल चोवीस जूनला लागला. टाइमकीपर छप्पन्न टक्क्यांनी पास झाला, सिस्टर एकसष्टने. बिल्डरचा मुलगाही पास झाला. पोस्टमास्तरांचा एक विषय राहिला, आणि त्याबद्दल घरी त्यांना बोलणी खावी लागली, असे त्यांनीच सांगितले.

जुलैत कारखान्यातले सात जण संध्याकाळच्या जादा वेळाचे पैसे मागायला कामगार न्यायालयात गेले. त्यांच्या वकिलाने टाइमकीपरला साक्षीदार म्हणून बोलावले. तो स्वतः अजून वकील म्हणून उभा राहू शकत नव्हता, सनद यायची होती. साक्षीच्या आदल्या दिवशी व्यवस्थापकांनी त्याला खोलीत बोलावले आणि जुनेच वाक्य ऐकवले. टाइमकीपर म्हणाला, "साहेब, ते काय विचारतात त्याच्यावर मी आता अवलंबून नाही," आणि दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात उभा राहून त्याने चार वर्षांच्या खिशातल्या वह्या एकावर एक ठेवल्या. नोंदवहीतले साडेपाच आपणच लिहिले आणि ते खोटे आहेत, हेही त्याने पहिल्याच उत्तरात सांगितले. खोट्या नोंदी केल्याबद्दल कारखान्याने त्याला निलंबित केले. ज्यांनी त्या करायला लावल्या, ते त्याच आदेशाखाली सही करून मोकळे झाले.

सात जणांचा खटला अजून चालू आहे. निलंबनाची चौकशी चालू आहे. विकासनिधी परत मागणाऱ्या अर्जाला उत्तर आलेले नाही.

सिस्टरचे सत्तावीस रुपये द्यायचे राहिले आहेत.